साखर दिली तरी ढिम्म

मधुमेह असलेल्या दात्याच्या आयलेट्स, म्हणजे स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, आमच्या लॅबमध्ये क्वचितच येतात. सोबतच्या कागदावर वय, बीएमआय, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि स्वादुपिंड किती तास थंड ठेवलं होतं, एवढंच असतं. नाव नसतं. इथे अमेरिकेत बसून मी तो कागद वाचते, तेव्हा कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलंय हे विसरता येत नाही. म्हणून त्यातली एकही आयलेट वाया घालवायला मी तयार नसते.

हे पुंजके सगळे मिळून अवयवाच्या एक-दोन टक्के. मायक्रोस्कोपखाली पिपेटने एकेक वेचायचा, तांदूळ निवडावेत तसा. कडा नितळ हव्यात. मध्यभागी काळपट दिसली तर ऑक्सिजनअभावी ती आतून मेलेली असते, ती बाजूला. प्रत्येक नळीत जवळपास सारख्याच आकाराच्या गेल्या पाहिजेत, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे. नव्या मुलांना हे हमालीचं काम वाटतं. माझ्या मते प्रयोग इथेच जमतो किंवा बिघडतो.

आधी २.८ मिलीमोलर ग्लुकोज दिलं, मग १६.७, म्हणजे रक्तातली साखर ५० वरून ३०० वर न्यावी तसं. निरोगी आयलेट्स यावर इन्सुलिन कित्येक पटींनी वाढवतात. या ढिम्म. मग पोटॅशियम क्लोराइड दिलं, जे ग्लुकोज न जाळताच पेशीला इन्सुलिन सोडायला लावतं, तर इन्सुलिन भरभरून बाहेर आलं! म्हणजे साठा होता, सोडायची यंत्रणाही शाबूत होती. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज जळून एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, बनतं, त्याने पोटॅशियमची वाट बंद होते, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन सुटतं. अडलं होतं ते जाळण्यापाशी. जाळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून त्याचा वापर मोजला, तर साखर वाढवूनही तो जेमतेम हलला.

शेवटी एक्सेंडिन-४. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेला रेणू. त्याचंच औषध २००५ मध्ये आलं आणि आजची वजनाची इंजेक्शनं त्याच वाटेने पुढे आली. कमी साखरेत त्याने काहीच केलं नाही, हीच या औषधांची खुबी. जुन्या सल्फोनिलयुरिया गोळ्या साखर कमी असली तरी इन्सुलिन काढायला लावतात. जास्त साखरेत मात्र स्राव ठळक वाढला. ऑक्सिजनचा वापर तिथेच.

मग औषधाने पेशी सुधारली, की थकलेल्या पेशीकडून फक्त काम करून घेतलं?

एका सहकाऱ्याचं मत, बॅच खराब आहे, हा दाता वगळावा. ही सवय मला घातक वाटते. ज्यांच्यासाठी औषध आहे, नेमक्या त्यांच्याच पेशी आपण ‘खराब’ म्हणून फेकायच्या?

२०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोव्ही आल्यापासून मावशीचा फोनवर एकच प्रश्न असतो, “घेऊ का गं?” वजन उतरतं, हे मी तिला सांगते, वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के उतरलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, हेही बजावते. पण पेशींचं काय, याचं उत्तर माझ्या डिशमधून मिळत नाही. तिथे ना मेंदू, ना यकृत, ना भूक. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत तर निव्वळ आहार कमी करून वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह माघारी गेला होता. तिथे पेशींना आराम मिळाला तो चरबी उतरल्याने. मग इंजेक्शनचं श्रेय किती आणि उतरलेल्या वजनाचं किती?

पुढच्या वेळी अशा आयलेट्स आल्या की निम्म्या ५.५ मिलीमोलरमध्ये, म्हणजे साधारण निरोगी पातळीच्या साखरेत, नुसत्याच विसावतील, निम्म्या औषधासकट. मग औषध धुऊन काढायचं आणि दोन्हींचा ऑक्सिजन पुन्हा मोजायचा.