सहकुटुंब, सहपरिवार

लग्नाकार्यात हा प्रश्न नेहमी हात धुवायच्या नळापाशी येतो. जेवण झालेलं असतं, तोंडात विडा असतो, आणि मागून कोणीतरी मावशी किंवा ह्यांच्याकडची चुलत वहिनी येते. नळ सुरूच ठेवते आणि आवाज खाली आणून विचारते, "काय गं, तुमचं दोघांचं बरं चालू आहे ना? एकत्र कधी दिसतच नाही तुम्ही."

पुरुषांची रीत वेगळी. ते ह्यांच्या पाठीवर थाप मारतात, "काय भाऊ, आज एकटेच? वहिनींनी हाकलून दिलं काय?" हे हसतात आणि जिलेबी वाढून घेतात. पुढचा तपास होत नाही. माझा मात्र होतो.

गेल्या मे महिन्यात इथे नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, लग्नात, एकाच दुपारी तिघींनी विचारलं. एकीच्या माहितीप्रमाणे मी आता मुलाकडे पुण्यालाच राहते. दुसरीला कोणीतरी सांगितलं होतं की हे वेकोलितून, म्हणजे कोळसा खाणींच्या कंपनीतून, रिटायर झाल्यापासून भंडाऱ्याकडे शेतीवरच असतात. तेव्हा विचारलंच आहे तर एकदाचं सगळं सांगून टाकते. आमचं भांडण झालेलं नाही. म्हणजे होतं, पण ते रोजचं. आमच्या घरी दोन कुत्री आहेत, इतकंच.

हे ऐकलं की समोरची बाई हात गुडघ्याच्याही खाली नेते. "ती एवढीशी? त्यांच्यासाठी?"

हो, त्यांच्यासाठीच. कुत्रं लहान म्हणजे काम लहान, असा समज आहे लोकांचा. माझाही होता. गोट्या पग आहे. २००३ साली मोबाईलच्या त्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि घराघरातल्या पोरांनी हट्ट धरले. आमच्या पोट्ट्याने तो हट्ट अकरा वर्षं सोडला नाही. २०१४ साली गोट्या घरी आला, आणि पुढच्याच वर्षी पोट्टा नोकरीला पुण्याला गेला. गोट्या राहिला. वजन नऊ किलो, त्यातलं दीड किलो डॉक्टरांच्या मते माझ्या हातचं. राणीला सगळे पामेरियन म्हणतात, पण ती आहे इंडियन स्पिट्झ. खरं पामेरियन दोन-तीन किलोचं असतं, ही सहा किलोची. मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि आठ दिवसांसाठी म्हणून ती आमच्याकडे आली. ते आठ दिवस २०१६ पासून चालू आहेत.

आता उन्हाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आत-बाहेर होणाऱ्या वाऱ्याने तोंडातला, नाकातला ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. नागपूरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, आपला कूलर हेच तर करतो. फक्त पगचं नाक चपटं, नाकपुड्या चिमटलेल्या, आणि घशात टाळूचा मऊ भाग जागेपेक्षा मोठा. म्हणजे कूलरची मोटर चालू आहे, पण गवताच्या टट्ट्या बुजलेल्या. पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेत जसा कूलर नुसता चिपचिप करतो, तसं त्याचं जून-जुलैतही होतं. राणीचं नाक लांब आहे, तिचं त्या मानाने बरं. तिचे केस भादरून टाका, असा सल्ला दर उन्हाळ्यात मिळतो. डॉक्टर म्हणतात, भादरू नका, नुसते विंचरा. ते केस ऊनही अडवतात.

हे सगळं मला आज माहीत आहे. २०१९ च्या मे महिन्यात माहीत नव्हतं.

नवतपा लागला होता, पारा ४६ च्या आसपास. ह्यांच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न, मुहूर्त दुपारचा. पत्रिकेवर नेहमीसारखं 'सहकुटुंब सहपरिवार'. आम्ही अकराला निघालो. कूलर काठोकाठ भरला, पाण्याची दोन भांडी ठेवली, पडदे लावले, कुलूप घातलं. परत आलो तेव्हा सव्वातीन वाजले होते.

दार उघडलं आणि घर बोलेना. एरवी चप्पल काढायच्या आधी राणी पायात येते. कूलर बंद. वीज कधी गेली होती कोण जाणे. इन्व्हर्टरवर हॉलमधला पंखा तेवढा फिरत होता, आणि स्लॅबच्या घरात मेच्या दुपारी पंखा फिरणं म्हणजे तापल्या तव्यावरची हवा अंगावर घेणं. राणी मोरीत, ओल्या जागी. गोट्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली. पडून. जीभ जांभळट, लाळेची दोरी फरशीपर्यंत, आणि घशातून करवतीसारखा आवाज. मी हाक मारली तर त्याने डोळे फिरवले, मान नाही.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी पाणी ओता, मग गाडी काढा."

मी धावत मोरीतला नळ सोडला आणि हात मागे घेतला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, चटका बसेल असं. ते कसं ओतणार त्याच्यावर? ह्यांनी सरळ स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला. आख्खा माठ. तांब्या तांब्याने पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर, मानेवर ओतत गेलो. लग्नाची पैठणी नेसलेली मी फरशीवर बसून सुपाने वारा घालत होते. मग ओला टॉवेल आणि गोट्या मागच्या सीटवर, गाडीचा एसी पूर्ण. एवढं करून तिथे पोचल्यावर ताप निघाला १०५.८. कुत्र्याचा असतो १०१ ते १०२.५. सलाईन लागलं. रात्री साडेनऊला त्याने डॉक्टरांच्या हातातलं बिस्किट घेतलं, तेव्हा हे बाहेर जाऊन उगाचच गाडीचे आरसे पुसत उभे राहिले.

नागपुरात डॉक्टरांची वाण नाही. पशुवैद्यकीय कॉलेज आहे, त्या विद्यापीठाचं मुख्यालयच इथे आहे. वाण आहे ती दुपारी घरी थांबणाऱ्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी मी आतली खोली पुसत होते. तो कोपरा. मनात आलं, गोट्या तिथे का गेला? मोरी थंड, राणी तिथे गेली. हा त्या तापलेल्या भिंतीशी का? पुसता पुसता फरशीवर एक चौकोन दिसला, बाकी फरशीहून जरा फिकट, कडेला गंजासारखी रेघ. आणि मग आठवलं. आईंचं पोतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०१८ च्या दिवाळीनंतर त्या गेल्या. त्या होत्या तोवर आमच्या घराला उन्हाळ्यात कुलूप लागलंच नाही. उन्हाळभर आई त्या आतल्या खोलीत असत. दुपारी बाराच्या सुमाराला गव्हाचं रिकामं पोतं भिजवून, पिळून खिडकीखाली घालत. गोट्या त्यावर पोट टेकवून झोपे. दीड-दोनला पुन्हा भिजवत. वीज गेली की कुत्र्यांच्या अंगावर ओलं फडकं फिरवत. तोंडाने चालू असे, "मेल्यांनो, माझ्या नशिबी हेच," आणि दुसऱ्या हाताने पोळीचा तुकडा. आम्हाला ते दिसत होतं, पण म्हातारीला काहीतरी चाळा, असं वाटायचं. तिचं पोतं मीच उचलून टाकलं होतं, खोली आवरताना. गोट्या त्या जागेवर जाऊन पडला होता. फक्त तिथे आता पोतं नव्हतं.

आणखी एक आठवलं. गोट्या आल्यापासून आई मेमधल्या एकाही लग्नाला आल्या नव्हत्या. त्यांच्या सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही. "माझे गुडघे कुठे चालतात उन्हात? जा तुम्ही. मी आहे ना या पोट्ट्यांजवळ." आणि आम्ही जायचो, जोडीने, सजून. इतक्या वर्षांत नळापाशी मला कोणी विचारलं नाही की आई का येत नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

तर त्या दिवसापासून असं ठरलं आहे. मार्चच्या मध्यापासून पाऊस धरेपर्यंत दुपारी घरात एक माणूस. ह्यांच्याकडची कार्यं ह्यांनी करायची, माझ्याकडची मी. दोन्हीकडची असली तर चिठ्ठी. थंडीत आम्ही तीन-चार तासांसाठी दोघं जातो, पण तुळशीच्या लग्नानंतर प्रत्येक वरातीत फटाके आणि डीजे, आणि राणी पलंगाखाली जाऊन थरथरते. म्हणजे हिवाळ्यातही गाडी पुष्कळदा एकावरच येते.

यावर लोक उपाय सुचवतात. तेही करून बघितले. कुत्र्यांच्या हॉस्टेलमध्ये एकदा ठेवलं, राणीने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. घरात एसी बसवला, पण वीज गेल्यावर एसी काय आणि कूलर काय. पोट्ट्याने पुण्याहून कॅमेरा पाठवला. त्याच्यातून गोट्या छान दिसतो. कॅमेरा पाणी घालत नाही. कामाच्या बाईला बसवा म्हणतात, तिच्या घरची लग्नंही मेमध्येच असतात.

पुण्याचंही तेच. रेल्वेत कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर त्याची जागा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. विमानाच्या पोटात चपट्या नाकाचं कुत्रं बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणून डिसेंबरात समृद्धीने गाडी काढतो, दर दोन तासांनी थांबत. एरवी आळीपाळीने. मुलगा म्हणतो, आई-बाबा मला हप्त्याने मिळतात.

एका गोष्टीची मात्र खरोखर तक्रार आहे. घरी राहणाऱ्याला लग्नाचा वृत्तांत मिळाला पाहिजे, आणि ह्यांना तो देता येत नाही. मी विचारते, नवरीची साडी कोणती होती? "साडीच होती." रंग? "लग्नाचा." मुलाकडची माणसं कशी वाटली? "जेवली व्यवस्थित." पण वडाभातावर फोडणीचं तेल गरम होतं की गार, पाटवडीचा रस्सा किती तिखट होता, आइस्क्रीम कुठल्या पंगतीला संपलं, हे सगळं तोंडपाठ. मी परत आले की दोन तास सांगते, गोट्याला मांडीवर घेऊन. कोण कोणाशी बोललं नाही इथपासून. हे डोळे मिटून ऐकतात. झोपले वाटतं, पण मध्येच विचारतात, "मग ती उठून गेली की बसली?" सच्चं सांगू का, दोघं मिळून लग्नाला जायचो तेव्हा परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

गोट्या आता अकरा वर्षांचा झालाय. तोंड पांढरं पडलंय, जिना चढत नाही. सकाळी साडेपाचला कॉलनीच्या मैदानाला एक चक्कर, आणि संध्याकाळी रस्त्याला हाताची मागची बाजू लावून बघितल्याशिवाय बाहेर नाही. हाताला सोसवलं नाही तर त्याच्या पायालाही सोसत नाही. आईंच्या जागी पोतं मी घालते. गव्हाची पोती आता मिळत नाहीत, सगळं प्लास्टिक. किराणेवाल्याकडून मागून ठेवलं आहे एक तागाचं.

हे लिहिते आहे तेव्हा दुपारचे पावणेदोन झालेत. पोतं एकदा भिजवून झालंय. राणी कूलरसमोर चारी पाय पसरून, गोट्या खिडकीखाली, घोरतोय. घोरणं ऐकू येतं तोवर ठीक. हे सकाळीच अमरावतीला गेलेत, त्यांच्या चुलत पुतण्याच्या लग्नाला. ह्या वेळच्या पत्रिकेवर कोणीतरी पेनाने 'गोट्या व राणीसह' असं वाढवलं होतं. ती फ्रिजवर लावली आहे.

मध्येच फोन वाजला. मागे बॅंडचा गोंगाट.

"अगं, इथे त्या मोठ्या वहिनी विचारून राहिल्या, तू काहून नाही आलीस म्हणून. काय सांगू?"

"सांभारवडी आहे का?"

"आहे."

"आधी डब्यात भरून घ्या. मग सांगा काय सांगायचं ते."