कार्डावर न लिहिलेली पट्टी

मंगळवारची ओपीडी उठायच्या बेतात असताना त्या आत आल्या. वय ५३, अंगणवाडीत मदतनीस. चार महिन्यांपासून अंगावरून रक्ताळ पाणी जात होतं. एवढं सांगून गप्प बसल्या. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "मालकांना टोचतं, म्हणतात."

चार वर्षांपूर्वी दुसरीकडे ऑपरेशन झालं होतं. खोकलं, हसलं, हंडा उचलला की लघवी गळायची, ती त्यानंतर थांबली. त्यावर त्या खूश होत्या. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: लघवीची पिशवी उचलण्याचं ऑपरेशन.

तपासताना दोन्ही जांघांत तिळाएवढे जुने व्रण दिसले, तेव्हाच अंदाज आला. योनीच्या पुढच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. उजेड नीट धरला. जाळीचे निळे धागे उघडे पडले होते.

"ताई, आत जाळीची पट्टी बसवलीय, माहीत होतं का?"

"पट्टी? कसली पट्टी?"

पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची ही पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसते आणि खोकल्याच्या दाबाला आधार देते. मी स्वतः ती अनेकींना बसवली आहे, बहुतेकींना चांगला आराम पडला. पण काहींची पट्टी अशी उघडी पडते. कुणाची जांघ दुखत राहते, कुणाला लघवी मोकळी होत नाही, कुणाला नव्यानेच घाईची लघवी लागते. इंग्लंडमध्ये अशा तक्रारींवरून जुलै २०१८ मध्ये या पट्ट्यांचा वापर थांबवला. २०२० च्या चौकशी अहवालातही हेच आलं, की बायकांना आधी पुरतं सांगितलं नाही आणि नंतर त्यांचं ऐकलं नाही.

यांना तर कटितळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायामही कुणी शिकवले नव्हते. खरं तर आधी तीन महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली तेच करून बघायचे असतात. स्वतःच्या पोटाच्या स्नायूंवरचं आवरण घेऊनही पट्टी करता येते. त्यात टाका मोठा पडतो, पण परकी जाळी नसते. हे माहीत असूनही त्यांनी कदाचित जाळीच निवडली असती. पण निवड त्यांची असती. ती त्यांना मिळालीच नाही, याचाच मला राग आला.

सहा आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम लावून पाहिलं. जखम भरली नाही. उघडा भाग कापायचं ठरलं, तेव्हा गळणं परत सुरू होऊ शकतं, हे दोनदा सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. "करा," म्हणाल्या.

आधी दुर्बिणीतून पिशवी आणि मूत्रमार्ग तपासला. आत पट्टी शिरलेली नव्हती. मग तेवढा तुकडा काढून वरचं आवरण शिवलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी तुकडा बघायला मागितला. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "एवढासाच? बाकीची आत आहे ना अजून?"

"हो."

"मग ते पण लिहा कार्डावर. मराठीत लिहा."

तिथंच पलंगाच्या कडेला बसून लिहून दिलं. त्यांनी सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतलं.