प्लाझ्मा कटिंगचे यंत्र घेताना आधी भोक पाहावे

संगणकावर चालणारे प्लाझ्मा कटिंग यंत्र पाहायला गेले की आधी अँपिअरचा आकडा ऐकवला जातो, मग गॅन्ट्रीच्या (कापणारी टॉर्च प्लेटवरून फिरवणाऱ्या सांगाड्याच्या) वेगाचा, आणि शेवटी पातळ पत्र्यातून एखादी वेलबुट्टी सर्रकन कापून हातात ठेवली जाते. ती पाहून आपणही खूश होतो. मी एकदा असाच खूश होऊन यंत्र घेतले होते आणि पुढचे वर्षभर भोकांमध्ये कानस घालत बसलो. तेव्हापासून यंत्र पाहायला जाताना मी एकच आरेखन बरोबर नेतो : 10 मिलिमीटर जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद) प्लेटचा दीडशे बाय दीडशेचा चौकोनी तुकडा, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत 16 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 18 मिलिमीटरची चार भोके. फॅब्रिकेशनमध्ये याहून साधा तुकडा नसेल. पण यंत्राबद्दल जे कळायला हवे ते बहुतेक सारे त्या चार भोकांत उतरते.

तुकडा गार झाल्यावर भोकाचा व्यास व्हर्नियरने वरून मोजावा, मग प्लेट उलटी करून खालून मोजावा. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक निघाला, तर ते यंत्र माझ्या कामाचे नाही. भोक जिथे बंद होते तिथे आत एक खाच किंवा फुगवटा राहतो. तो किती आहे हे बोट फिरवून कळते. त्यानंतर बोल्ट घालावा. तो वजनाने आपोआप खाली गेला पाहिजे, हातोडी मागता कामा नये.

भोकच का, हे समजायला ही ज्वाला कशी बनते ते पाहावे लागते. 1957 साली अमेरिकेत रॉबर्ट गेज यांच्या नावाने जे पेटंट निघाले, त्यातली कल्पना अशी की विद्युत आर्क (विजेची सलग ज्योत) अरुंद नोझलमधून दाबून बाहेर काढली, तर ती नुसते वितळवण्याऐवजी धातू आरपार कापू शकते. आजची टॉर्च त्याच तत्त्वावर चालते. नोझलमधून सुटणारा वायू आर्कमुळे इतका तापतो की त्याचे तापमान 20,000 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तो वीजवाहक होतो (यालाच प्लाझ्मा म्हणतात), विद्युतप्रवाह टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडपासून थेट प्लेटपर्यंत वाहू लागतो आणि वितळलेला धातू वायूच्या झोताने खाली उडवला जातो. म्हणूनच प्लेट वीजवाहक असावी लागते, आणि म्हणूनच अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेल्या पट्टीऐवजी शक्यतो प्लेटलाच लावावा लागतो.

आता हा झोत सरळ खाली पडत नाही. टॉर्चच्या आतली स्वर्ल रिंग वायूला भोवऱ्यासारखे फिरवते, त्यामुळे कापाच्या दोन्ही बाजूंना सारखी उष्णता मिळत नाही. नेहमीच्या टॉर्चमध्ये पुढे जाणाऱ्या दिशेच्या उजव्या हाताची कड जवळजवळ काटकोनात येते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कापायची आणि भोक उलट दिशेने, म्हणजे चांगली कड आपल्या तुकड्याकडे राहते आणि वाईट कड भंगाराकडे जाते. शिवाय झोताचे खालचे टोक वरच्या टोकाच्या थोडे मागे रेंगाळते. सरळ रेषेत त्याचा त्रास नाही, पण लहान वर्तुळात तेच शेपूट आतल्या बाजूला ओढले जाते आणि भोक खाली निमुळते होते. यावर उपाय म्हणजे भोकापुरता वेग कमी करणे, साधारणपणे बाहेरच्या कडेच्या वेगाच्या साठ टक्क्यांवर आणणे. प्लेटच्या जाडीहून लहान व्यासाचे भोक मात्र प्लाझ्माकडून मागूच नये. तिथे खूण करून ड्रिल घ्यावे.

दिशा आणि वेग प्रोग्राममध्ये बसवता येतात. जी गोष्ट यंत्रातच असावी लागते ती म्हणजे टॉर्चची उंची सांभाळणारा कंट्रोल, ज्याला सगळे टीएचसी (टॉर्च हाइट कंट्रोल) म्हणतात. माझ्या मते यंत्राच्या निवडीत यापुढे बाकीचे सगळे दुय्यम आहे. कापताना टॉर्च आणि प्लेट यांत जेमतेम दीड ते तीन मिलिमीटर अंतर असते, आणि उष्णतेने प्लेट तर सारखी उचलत-वाकत असते. अंतर वाढले की कड तिरकी होते. अंतर कमी झाले की नोझल प्लेटला घासते आणि संपते. हे अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून कंट्रोलर आर्कचे व्होल्टेज वाचतो : आर्क लांबली की व्होल्टेज वाढते, तेव्हा टॉर्च खाली घ्यायची, कमी झाले की वर उचलायची. युक्ती चांगली आहे, पण फसते कुठे तेही माहीत असावे. कोपऱ्यात गॅन्ट्रीचा वेग मंदावतो, तिथला धातू जास्त कापला जातो, व्होल्टेज वाढते, आणि कंट्रोलरला वाटते की टॉर्च वर गेली आहे; तो तिला सरळ प्लेटवर आपटवतो. चांगला कंट्रोलर कोपऱ्यात आणि लहान भोकांत उंची गोठवून ठेवतो. दुसरी फसगत हळूहळू होते. इलेक्ट्रोडच्या टोकावरचा हाफ्नियम हा धातू झिजून त्यात खड्डा पडतो, आर्क आतून लांबते आणि त्याच उंचीला व्होल्टेज जास्त दिसू लागते, त्यामुळे सकाळी नीट कापणारी टॉर्च संध्याकाळी खाली खाली उतरत जाते. तो खड्डा साधारण दीड मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड आणि नोझल दोन्ही बरोबर बदलावेत.

काप सुरू होण्याआधीचा क्षण पिअर्सिंगचा, म्हणजे प्लेटला पहिले आरपार भोक पाडण्याचा. प्लेट आरपार जाईपर्यंत वितळलेला धातू वरच उसळतो, म्हणून टॉर्चने कापायच्या उंचीच्या दीड-दोन पट वर थांबून भोक पाडायचे आणि मगच खाली यायचे असते. यासाठी यंत्राला प्लेटचा पृष्ठभाग दर वेळी नव्याने शोधता आला पाहिजे. यंत्र दाखवणाऱ्याने पहिल्या तुकड्यापूर्वी एकदाच उंची लावली आणि पुढे तशीच चालवली, तर तिथेच उठावे.

अँपिअरविषयी थोडक्यात सांगतो. जाडीचे तीन वेगळे आकडे असतात आणि पत्रकात बहुधा सर्वांत मोठा ठळक छापलेला असतो. साध्या हवेवर चालणारा 45 अँपिअरचा सोर्स (टॉर्चला वीज पुरवणारा भाग) साधारण 12 मिलिमीटरपर्यंतची प्लेट कड सोडून मधेच पिअर्स करू शकतो, कडेवरून सुरुवात केली तर 16 च्या आसपास बरा कापतो, आणि 25 च्या पुढची प्लेट नुसती तोडतो, कड कशीही आली तरी. टेबलावरच्या यंत्राला जवळजवळ प्रत्येक तुकडा पिअर्स करावाच लागतो, म्हणून खरा आकडा पहिला. दुसरे म्हणजे ड्यूटी सायकल. 50 टक्के असे लिहिले असेल तर दहा मिनिटांपैकी पाच मिनिटे कापा आणि पाच मिनिटे थांबा, असा त्याचा अर्थ होतो. हाताने कापणाऱ्याला ते चालते, नेस्टिंग लावून (एका प्लेटवर अनेक तुकडे दाटीने बसवून) पूर्ण प्लेट कापणाऱ्याला चालत नाही. रोजच्या जाडीला लागणाऱ्या अँपिअरवर 100 टक्के मिळते का, हेच विचारावे. वर्षातून दोनदा येणाऱ्या 40 मिलिमीटरच्या प्लेटसाठी मोठा सोर्स घेण्यापेक्षा ती गॅस कटिंगला पाठवणे शहाणपणाचे. उलट रोजचे काम दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्यात बारीक भोकांचे असेल, तर त्याचे उत्तर फायबर लेझर आहे आणि प्लाझ्माकडे पाहू नये.

हवेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मीही दिले नव्हते. जुन्या कॉम्प्रेसरवर नवी टॉर्च लावली आणि दमट हवेच्या दिवसांत एका पाळीत तीन-तीन नोझल जाऊ लागल्या. नोझलचे गोल भोक किल्लीच्या भोकासारखे लांबट झालेले असे, आणि टॉर्चचा कप आतून ओला. दोष यंत्रात शोधण्यात दोन आठवडे गेले. होता तो हवेतल्या पाण्यात आणि तेलात. अशा सोर्सला मिनिटाला 200 लिटरच्या घरात हवा लागते, दाब कापताना टिकावा लागतो, आणि ड्रायर व तेलाचा फिल्टर यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो. हवेने कापलेल्या कडेत नायट्रोजन शिरतो, त्यामुळे कड टणक होते आणि वेल्डिंगमध्ये कधी कधी बारीक छिद्रे पडतात, म्हणून महत्त्वाच्या जोडापूर्वी ती कड ग्राइंड करावी. ऑक्सिजनवर चालणाऱ्या सोर्समध्ये हा त्रास बराच टळतो.

गॅन्ट्रीबाबत सर्वोच्च वेगापेक्षा ती तो वेग किती लवकर गाठते हे महत्त्वाचे. दीड मिलिमीटरचा पत्रा मिनिटाला आठ-नऊ मीटरने कापायचा असतो, 10 मिलिमीटरची प्लेट जेमतेम मीटरभराने. जड गॅन्ट्री आणि अशक्त मोटर असली तर पातळ पत्र्यात प्रत्येक कोपऱ्यावर ती रेंगाळते आणि तिथे जाड, फुसफुशीत ड्रॉस (वितळून कडेला गोठलेला धातू) जमतो. तो हातोडीच्या एका टोल्याने पडतो. वेग जास्त झाल्यावर कडेला चिकटणारा बारीक कडक ड्रॉस मात्र ग्राइंडरशिवाय निघत नाही. गॅन्ट्री दोन्ही बाजूंनी चालवलेली असावी, एका बाजूने ओढलेली नको.

प्लेट ठेवायचा बेड धूर खाली ओढणारा घ्यायचा की पाण्याचा, हे जागेवर ठरते, पण स्टेनलेस स्टील कापताना निघणारा धूर घातक असतो, तेव्हा धुराची व्यवस्था नंतर पाहू असे म्हणू नये. पाण्याच्या बेडवर अॅल्युमिनियम कापणार असाल तर जास्त जपावे. वितळलेल्या अॅल्युमिनियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, तो प्लेटखाली साठतो आणि पेट घेऊ शकतो.

सॉफ्टवेअरसाठी मी वेगळी परीक्षा घेत नाही. माझ्या त्याच आरेखनात एक रेषा मुद्दाम दोनदा काढून ठेवलेली असते आणि एक कोपरा केसभर उघडा ठेवलेला असतो. ऑपरेटर फाइल उघडतो तेव्हा सॉफ्टवेअर तक्रार करते, की मुकाट्याने तीच कड दोनदा कापायला निघते, ते पडद्यावर दिसते. मग मी तोच तुकडा एकाऐवजी चाळीस कापायला सांगतो, चहा घेऊन येतो, आणि पहिल्या व चाळिसाव्या तुकड्याची भोके शेजारी ठेवून व्हर्नियर काढतो.