दादाचे टाळ

माघात दादा गेला. पहाटे धार काढून आला, चहा मागितला आणि ओसरीवरच्या खांबाला टेकून बसला. वहिनी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बावन्न वर्षांचा माणूस, ना आजार ना कसली कुरकुर. घरातल्या प्रत्येकाला वाटायचं, दादाचा जीव आपल्यावरच जास्त आहे. आईला, त्याच्या दोन्ही मुलींना, माझ्या बायकोला आणि मलासुद्धा.

अकरा वर्षं तो माउलींच्या पालखीबरोबर चालला, मी एकदाही नाही. दिंडीची भिशी, म्हणजे वाटखर्चाची वर्गणी, भरायची वेळ आली तेव्हा वहिनींनी टाळांची पिशवी माझ्यापुढं ठेवली. "भाऊजी, हे खुंटीला टांगून ठेवायचे नाहीत मला." पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान झालं. विणेकरीबुवांनी मला दादाच्याच जागेवर उभं केलं, उजव्या ओळीत पखवाजापासून तिसरा. टाळ मला धड धरताही येत नव्हते. दिवे घाट चढताना उजव्या हाताची तर्जनी दोरीनं सोलवटली आणि डाव्या हाताला मात्र काहीच झालं नाही. वरच्या विसाव्याला बसून बघितलं, तर डाव्या टाळाच्या दोरीची गाठ जिथं बोटाला घासते, तिथं धाकटीची जुनी लाल रिबीन घट्ट गुंडाळलेली. घामानं तिचा रंग पार विटला होता. उजव्या टाळाची दोरी नवी दिसत होती, ती गुंडाळायची बहुधा राहूनच गेली. मी ती रिबीन बराच वेळ अंगठ्यानं चाचपत बसलो.

सासवडला ज्यांच्याकडं आमच्या दिंडीची पंगत असते, त्या मावशींनी वाढता वाढता विचारलं, "तुमचे थोरले मागं राहिले का?" मी सांगितलं. त्यांनी भाकरीची पाटी खाली ठेवली आणि माझ्याशेजारीच बसल्या. म्हणाल्या, "दरसाल जेवणं झाली की पत्रावळ्या उचलायला थांबायचे. किती नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत." जेजुरीत चहावाल्यानं विचारलं. नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान आटोपून पुढं निघालो, तर तिथं टँकरवाल्यानं. फलटणला दाढी करणाऱ्यानं तर वस्तरा थांबवून आधी धाकटीचं नाव घेतलं, तिची शाळा कशी चाललीय म्हणून, आणि मग दादाचं विचारलं. मयताचा निरोप घेऊन गावोगाव माणूस धाडतात, तसा मी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर निरोप सांगत चाललो. दर ठिकाणी दादा पुन्हा एकदा जायचा. आणि दर ठिकाणी त्याची अशी एखादी गोष्ट हाती लागायची, जी आम्हा घरच्यांना ठाऊकच नव्हती.

माझं रडू मात्र माघापासून अडकूनच होतं. ते फुटलं लोणंदच्या तळावर, समाजआरतीला. संध्याकाळी सगळ्या दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तर तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. ते झालं की सापडलेल्या वस्तू पुकारतात. त्या दिवशी चष्मा होता, औषधांची पिशवी होती, एक अंगठी होती. ज्याची असेल त्यानं खूण सांगून घेऊन जावी. एवढी माणसं आणि कुणाचा खोकलाही नाही. माझे हात थांबले होते, पण उजव्या टाळाची कड डाव्याला टेकून बारीक किणकिणत राहिली. शेजारच्या टाळकऱ्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला, तो आरती संपेपर्यंत काढला नाही.

वाखरीनंतर पाय आपोआप चालतात म्हणतात, तसंच झालं. चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाचं दर्शन घेतलं. दर्शनाच्या बारीला, रांगेत, दादाही थांबायचा नाही. त्याला बांगड्यांच्या दुकानात जायची घाई असायची.

टाळांच्या पिशवीतच एक चिठ्ठी होती, घड्यांवर फाटत आलेली. वर वहिनींचं नाव आणि मापाचा आकडा. मग माझ्या बायकोचं, मग मुलींची. धाकटीचा आकडा तीनदा खोडून नवा लिहिलेला. सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, आई. आमचे वडील जाऊन वीस वर्षं झाली, आईचे हात तेव्हापासून मोकळेच होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी दादानं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्याच आषाढीला त्यानं आईसाठी बांगड्या आणल्या आणि स्वतः तिच्या हातात चढवल्या. आणि माघात, त्याला उचलायच्या आधी, भावकीतल्या बायका वहिनींकडं सरकल्या तेव्हा आईनं तोच बांगड्यांचा हात वहिनींच्या मनगटावर ठेवला. "माझ्या लेकाला हे चाललं नसतं," एवढं म्हणून तिनं सगळ्यांना मागं सारलं.

कासारापुढं बसून मी घरी फोन लावला. धाकटीनं तिचं नवं माप सांगितलं, रंगही सांगितला. मग फोन वहिनींनी घेतला. बराच वेळ नुसता गोठ्यातल्या घंटेचा आवाज येत राहिला.

"भाऊजी, माझंही माप बदला," त्या म्हणाल्या. "हात उतरलेत."

मी चिठ्ठीवरचं दोन-सहा खोडलं आणि शेजारी दोन-चार लिहिलं. कासारानं रंग विचारला.

"हिरव्याच द्या," मी म्हटलं.