पॉज कुणी केला?

फायटिंग गेमच्या स्पर्धेत चालू राउंड थांबवणं हा गुन्हा आहे. ज्याच्या बटणामुळे खेळ थांबला त्याचा तो राउंड जातो. समोरचा मोठ्या मनाचा असेल तर ‘असू दे, खेळू पुढे’ म्हणतो, नाहीतर पंचाने राउंड काढून द्यायचा. बाहेरच्या माणसाला हे कडक वाटेल, पण नियम योग्यच आहे. हा खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. कॉम्बोतला, म्हणजे एकाला एक जोडून मारलेल्या फटक्यांच्या माळेतला, पुढचा फटका दोन-तीन फ्रेमच्या फटीत बसवायचा असतो. तिथे विचार करायला वेळच नसतो, बोटं आपसूक चालतात. पडदा मध्येच थांबला की बोटांची लय जाते, आणि खेळ पुन्हा सुरू केला तरी ती लागत नाही.

टोकियोतल्या त्या सकाळी माझ्या टेबलावर खेळ थांबला, आणि खेळणाऱ्या दोघांपैकी एकानेही पॉजच्या बटणाला हात लावलेला नव्हता.

मी अशा स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करते. मंचावरचे दिवे, समालोचक, ओरडणारं पब्लिक हे शेवटच्या दिवशीचं. खरं काम पहिल्या दिवशी पूलमध्ये, म्हणजे प्राथमिक गटांत असतं. दोन-तीन कन्सोल, समोर खुर्च्या, हातात टॅब, आणि आपल्या वाट्याला आलेल्या खेळाडूंची नावं जमतील तशी उच्चारत सामने लावत राहायचं. उशीर झाला तर बाद करायचं. टोकियोत स्थानिक मंडळी वेळेआधी येऊन उभी असतात. बाद होतात ते बाहेरचे, शिंजुकू स्टेशनात चुकीच्या दाराने बाहेर पडून हरवलेले. पद्धत डबल एलिमिनेशनची: पहिला सामना हरलात की लूजर्स ब्रॅकेटमध्ये, दुसरा हरलात की घरी. त्यामुळे वर्षभर पैसे साठवून, व्हिसाच्या खेपा घालून आलेला मुलगा पहिल्या दिवशी दुपारच्या आत मोकळा होऊ शकतो. शहर बघायला मिळतं ते अशांनाच. जिंकणाऱ्यांना तीन दिवस सभागृहाचं छत दिसतं, आणि आम्हालाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी गेली कित्येक वर्षं डोकं फोडते आहे ती सांगते. प्रत्येक खेळाडू स्वतःचा कंट्रोलर आणतो. कुणाची काठीवाली जड पेटी, कुणाचा नुसत्या बटणांचा लिव्हरलेस, कुणाचा साधा पॅड. सगळे केबल लावूनच खेळतात, कारण शेकडो वायरलेस उपकरणांच्या गर्दीत सिग्नलचा भरवसा नसतो. पण वायरलेस पॅड केबलने जोडला की कन्सोल त्याची ओळख लक्षात ठेवतो. सामना संपतो, खेळाडू केबल काढतो, पॅड पिशवीत टाकतो. पिशवीत पाण्याची बाटली सरकते, मधलं बटण दाबलं जातं, पॅड जागा होतो आणि ओळखीच्या कन्सोलला हाक मारतो. कन्सोल बिचारा इमानदार. तो लगेच पडद्यावर विचारतो: हा कंट्रोलर कोण वापरणार? तेव्हा त्याच्यावर दुसऱ्याच दोघांचा सामना चालू असतो.

उपाय पाच सेकंदांचा आहे. उठण्याआधी दोन बटणं दाबून धरायची, दिवा लुकलुकू लागला की ओळख पुसली. प्रत्येक टेबलावर जपानी आणि इंग्रजीत तशी पाटी असते. पण पाटी वाचून काम होत असतं तर पंच कशाला लागले असते? हरलेला तिरीमिरीत उठतो. जिंकलेला त्याहून वाईट, त्याला मित्रांनी उचललेलं असतं. प्रत्येक सामन्यानंतर ओळख पुसण्याचं काम पंचाकडे द्या आणि त्यासाठी टेबलामागे एक माणूस वाढवा, हे मी आयोजकांना अनेकदा सांगितलं आहे. उत्तर नेहमी एकच: ही खेळाडूंची जबाबदारी आहे. मंचावरच्या दिव्यांसाठी मात्र माणसं कधी कमी पडत नाहीत.

तर तो सामना. स्ट्रीट फायटर 6. एकीकडे टोकियोचाच चाळिशीतला नोकरदार माणूस, मांडीवर काठीची पेटी, कडा झिजलेल्या. दुसरीकडे ढाक्याहून आलेला विशीतला मुलगा, साध्या पॅडवर खेळणारा. दोघांचा पहिलाच सामना. गेम 1-1, शेवटच्या गेममध्ये राउंड 1-1. मुलाने समोरच्याला कोपऱ्यात कोंडलं होतं. त्याचा सुपर गेज, म्हणजे ‘सुपर’ हा सगळ्यात मोठा हल्ला सोडण्यासाठी साठवायची ताकद, तिन्ही पट्ट्या भरलेला. समोरच्याचा जवळजवळ रिकामा, कारण त्याने मागचा राउंड वाचवताना तो खर्च केला होता. मुलाचा फटका लागला, त्याला जोडून दुसरा, तिसरा, आणि समोरच्याच्या लाइफची पट्टी उरली सातव्या हिश्शाएवढी. मी टॅबवर निकाल टाकायला बोट उचललं होतं. तेवढ्यात पडद्यावर ती विचारणा आली.

मी आधी दोघांच्या केबल पाहिल्या. दोन्ही घट्ट. दोघांचे हात जिथे असायला हवेत तिथेच. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. म्हणजे ज्याच्या पिशवीतून हाक आली तो तिथेच गर्दीत होता, कदाचित हाच सामना बघत. मी ओरडून विचारलं. पाच-सहा जणांनी पिशव्या चाचपल्या. कुणीच पुढे आलं नाही. आपण काय केलं हे त्या माणसाला आजही ठाऊक नसणार.

नियमपुस्तक म्हणतं, पॉज करणाऱ्याचा राउंड जातो. पॉज करणारा सामन्यातच नसेल तर काय, याबद्दल एक वाक्य नाही. मी मुख्य पंचांना वॉकी-टॉकीवर बोलावलं. माणूस अनुभवी, शांत, आणि वेळापत्रकाच्या बाबतीत मी पाहिलेल्यांत सगळ्यात पक्का. त्यांच्यामुळेच अशा स्पर्धा वेळेत संपतात. पण घड्याळ हा त्यांच्यासाठी नियमपुस्तकाचा पहिला नियम आहे. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. जिथे थांबलं तिथून पुढे खेळायचं, म्हणजे तुटलेला कॉम्बो आणि बचाव करायला मोकळा झालेला प्रतिस्पर्धी. राउंड मुलाला द्यायचा. किंवा राउंड पुन्हा खेळवायचा. मी म्हटलं, राउंड मुलाचा आहे. ते म्हणाले, अजून संपला नव्हता. हात चुकू शकतो. मग त्यांनी 2004 काढलं.

हे 2004 आमच्यात निघतंच. त्या वर्षी कॅलिफोर्नियात इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत जस्टिन वाँगने चुन-ली या पात्राचा पंधरा फटक्यांचा सुपर सोडला, तेव्हा दाइगो उमेहाराच्या पात्राकडे, केनकडे, लाइफचा नुसता कण उरला होता. साधा बचाव केला असता तरी तो मेला असता. त्याने पंधराच्या पंधरा फटके पॅरी केले, म्हणजे लाइफ न गमावता परतवले, आणि उलट मारून सामना जिंकला. कण उरला म्हणजे हार झाली नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक पंच ते तोंडावर फेकतो. पण उमेहारा मोकळा उभा होता. त्याच्या हातात काहीतरी होतं. माझ्या टेबलावरचा माणूस कॉम्बोच्या आत होता, तिथे त्याचं कुठलंही बटण चालत नाही. ही दोन उदाहरणं एक नाहीत. मी हे बोलले. मुख्य पंचांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, पुन्हा खेळवा.

पुन्हा खेळवणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण खरा अन्याय तिथे आहे. शेवटचा राउंड तेवढा सुटा सुरू करता येत नाही. नवा गेम लावायचा, दोघांनी एकेक राउंड एकमेकांना सोडून 1-1 करायचं आणि मग खरा राउंड. ड्राइव्ह गेज ही इतर खास चालींची वेगळी पट्टी दर राउंडला नव्याने भरते, तिची चिंता नाही. सुपर गेज मात्र एका राउंडमधून पुढच्यात जातो, आणि फटके लागत जातात तसा वाढतो. सोडलेले राउंड संपेस्तोवर दोघांचे गेज भरले होते. म्हणजे समोरच्याने जो सुपर खर्चून टाकला होता, तो आमच्या नियमाने त्याला परत मिळाला. मी पुन्हा वॉकी-टॉकी उचलला. उत्तर आलं, टेबल मागे पडलं आहे, चालू करा.

राउंड सुरू झाला आणि त्या जपानी माणसाने काठीवरून हात काढून गुडघ्यांवर ठेवले. त्याचं पात्र नुसतं उभं. तो मान खाली घालून बसला होता, मारून घे म्हणून. मागची गर्दी गप्प झाली. त्या मुलाने पात्र पुढे नेलं, अगदी समोर उभं केलं, आणि मारलं नाही. पॅड एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्याने खूण केली: खेळा. जपानी माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? त्याने काठी धरली. घड्याळाची दहा-बारा सेकंदं अशीच गेली होती. राउंडचा उरलेला भाग अटीतटीचा झाला, आणि शेवट त्या परत मिळालेल्या सुपरनेच झाला. तो माणूस उठून मुलासमोर कितीतरी वेळ वाकून उभा राहिला.

मुलगा लूजर्समध्ये गेला आणि पुढचा सामना सरळ हरला. त्या सामन्यात काही सांगण्यासारखं नव्हतं. बोटं जड झाली होती, ते लांबूनही दिसत होतं.

संध्याकाळी काम आटोपून मी स्टेशनवर आले तर तो फलाटावर उभा. युरिकामोमे ही गाडी चालकाशिवाय धावते, त्यामुळे सगळ्यात पुढच्या जागेवर बसलं की रेनबो ब्रिजवरून अख्खं शहर अंगावर येतं. त्याने ती जागा मिळावी म्हणून दोन गाड्या सोडल्या होत्या. त्याची तक्रार शून्य. त्याने विचारलं ते एवढंच, “दिदी, खरे आर्केड कुठे आहेत?” माझं काम त्याच्यापुरतं संपलेलं होतं, म्हणून मी त्याला घेऊन शिंबाशीला उतरले आणि यामानोते लाइनने ताकादानोबाबाला गेले, मिकाडो नावाच्या आर्केडमध्ये.

तिथे त्याने आजवर व्हिडिओत पाहिलेली मशिनं होती, पाठीला पाठ लावून ठेवलेली. या मांडणीत प्रतिस्पर्धी मशिनच्या पलीकडे बसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. 100 येनचं नाणं टाकायचं आणि जो कोण असेल त्याच्याशी भिडायचं. जिंकलेला बसून राहतो, हरलेला उठतो किंवा दुसरं नाणं टाकतो. हजार येनची नोट सुटी करायचं यंत्र बाजूलाच. त्याने दोन नोटा सुट्या केल्या आणि थर्ड स्ट्राइकवर बसला, 2004 चा तो सामना ज्या खेळात झाला त्यावर. पॅडची सवय असलेल्या हाताला काठी लवकर येत नाही. तो हरतच होता, आणि दिवसभरात प्रथमच हसत होता. मी मागे उभी राहून पाहत होते. तेव्हा लक्षात आलं की त्या मशिनला खेळाडूच्या हाताशी पॉजचं बटणच नाही. आमचा नियम, आमचा वाद, सगळं घरगुती कन्सोल स्पर्धेत आल्यावरचं.

नाणी संपल्यावर मी त्याला विचारलं, तो माणूस राउंड देत होता, तू का घेतला नाहीस?

“तो देणारा कोण?” तो म्हणाला. “त्याने काय चूक केली होती? त्याने दिला असता तर मी आयुष्यभर त्याचा देणेकरी. तुम्ही दिला असता, तर घेतला असता.”

मी त्याला सांगितलं की मला द्यायचाच होता. तो म्हणाला, “ऐकलं मी. पण मग पायचीत कसं देतात?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चेंडू फलंदाजाच्या पॅडवर आदळून थांबलेला असतो. तो यष्टीला लागलेला नसतो, आणि कधीच लागणार नसतो. तरी पंच बोट वर करतो, कारण लागला असता हे ठरवणं हेच त्याचं काम आहे. आम्ही मात्र ‘हात चुकू शकतो’ म्हणून हात झटकले, आणि जो निर्णय आमचा होता तो दोन खेळाडूंवर टाकला. एकाला लाजेने राउंड सोडावासा वाटला, दुसऱ्याला मानाने तो नाकारावा लागला.

परतल्यावर मी ट्रेनिंग मोडमध्ये तो क्षण मांडून पाहिला. प्रेक्षकातल्या एकाने सामना फोनवर टिपला होता, त्यावरून लाइफ, गेज आणि लागलेले फटके जुळवले. त्या पात्राची पूर्ण लाइफ 10,000, त्यातली उरलेली 1,500 च्या आत. कॉम्बो लांबत जातो तसा प्रत्येक फटक्याचा मार कमी होतो, पण तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे तिन्ही पट्ट्या खर्चून सोडायच्या सुपरचा मूळ 4,000 चा मार निम्म्याच्या खाली उतरत नाही; म्हणजे किमान 2,000. तीन पट्ट्या भरलेल्या, शेवटचा राउंड, राखून ठेवायला पुढे काही नाही. तो सुपर सोडणारच होता. मी तीच जुळणी पुन्हा पुन्हा करून पाहिली, आणि माझ्यासारख्या मध्यम हातालाही ती बहुतेक वेळा साधली.

आकडे, व्हिडिओ आणि दोन सूचना असं पत्र मी मुख्य पंचांना पाठवलं. पहिली सूचना, ओळख पुसण्याचं काम पंचाचं. दुसरी, तिऱ्हाइतामुळे खेळ थांबला, मारणारा कॉम्बोत असला आणि हाताशी असलेला मार उरलेल्या लाइफपेक्षा नक्की जास्त असला, तर राउंड पंचाने द्यायचा. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पहिली सूचना पुढच्या वेळी काही टेबलांवर करून पाहू म्हणाले. दुसरी मान्य नाही. त्यांनी विचारलं, पूलमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पंचाला प्रत्येक पात्राचा मार पाठ असेल का? चुकीचा राउंड दिला तर?

मी लिहिलं की पाठ असायला हवा, आणि नसेल तर त्याला त्या खुर्चीत बसवू नये. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान मी सगळ्या पात्रांचे किमान मार एका कागदावर उतरवून काढायला घेतले आहेत, पंचांना वाटता येतील असे.