तुम्ही विचारलंत म्हणून: आधी काय बदलावं?

घरी गाणं ऐकायला आलेलं माणूस निघताना हमखास विचारतं, "सिस्टिम घ्यायची तर पैसे कशावर घालू?" स्पीकरवर, असं मी सांगते. आणि घेतल्यावर एक अख्खा रविवार ते सरकवण्यात घाला.

1992च्या दिवाळी बोनसमधून टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) आला. मग मिनी सिस्टिम, मग सीडी प्लेअर. कॅसेटची खरखर गेली याचंच तेव्हा केवढं अप्रूप! तानपुरा मात्र मागे कुठेतरी फ्रिज चालू असावा तसाच ऐकू यायचा.

पुढे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, आठ इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचे) जुने स्पीकर आणले. लावले आणि हिरमोड झाला. तबल्याच्या जोडीतला डग्गा नुसता घुमायचा. ॲम्प्लिफायर बदलला, तरी तेच. शेवटी स्पीकर दुरुस्त करणारे एक काका घरी आले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, आधी कोपऱ्यातून बाहेर काढा." दोन भिंती आणि जमीन, तिन्ही मिळून खालचे सूर फुगवत होत्या.

दोन्ही स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले. दोघांत सहा फूट अंतर, माझ्या खुर्चीपर्यंतही तेवढंच. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला यावा म्हणून स्टँडवर पाट ठेवले. खुर्चीमागच्या उघड्या भिंतीवर आईची गोधडी टांगली. मग तीच सीडी लावली. पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज: तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू आल्या, आणि एकीची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, विरायच्या आत दुसरी तीत मिसळत होती. डग्ग्यावर तळहात दाबत नेलेली मींड, सुराची ती सलग घसर, कळली. त्या रात्री मी जेवायचं विसरले.

मुंबईच्या दमट हवेत पुढे वूफरच्या कडेचा फोम भुगा होऊन गळला. नवे स्पीकर घ्या, असं सगळे म्हणत होते. काकांनी जुना फोम खरवडला, व्हॉइस कॉइलच्या (वूफर हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत कागदाच्या पट्ट्या खोचून वूफरचा शंकूसारखा पडदा मधोमध आणला, नवा फोम चिकटवून दिवसभर सुकू दिला. आता गाणं फोनवरून येतं, मधे छोटा डॅक आहे, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारी डबी. स्पीकर तेच.

दुकानात जाल तेव्हा त्यांचं डेमोचं गाणं ऐकू नका. तुम्हाला पाठ असलेलं, तानपुरा असलेलं एखादं रेकॉर्डिंग घेऊन जा. आवाज लहान ठेवायला सांगा आणि फक्त तानपुऱ्याकडे कान द्या.