बाटली

काल रात्री लेक दोनदा उठला. मागच्या आठवड्यात चारदा उठायचा, म्हणून लिहून ठेवते.

या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची आहे. हे बारा वाजता बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. फाटकाची कडी वाजली की हा चुळबुळ करतो, आणि मग ठरलेलं, "दुदू".

बावीस महिन्यांचा झाला. अंगावरचं दूध मी अठराव्या महिन्यात तोडलं, कडुनिंबाचा पाला वाटून लावून. अंगणवाडीच्या भिंतीवर 'दोन वर्षांपर्यंत स्तनपान' असं मोठ्या अक्षरात रंगवलंय, निंदणाला जाताना रोज त्याच भिंतीपुढून जायची. त्याचं ते तोंड वाकडं करणं अजून डोळ्यापुढून जात नाही. मग त्या अपराधाची भरपाई म्हणून की काय, बाटली आली. घरची गाय, दुधाला तोटा नाही. रात्री रडला की बाटली. वर चमचाभर साखरही, कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही कधी.

गेल्या महिन्यात वजनाच्या दिवशी नर्सबाईंनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून फिक्कट. विचारलं, दिवसाचं दूध किती? मी बोटं मोजली, दिवसा दोन बाटल्या, रात्री तीन, कधी चार. लिटरच्या वर गेलं. मला वाटलं कौतुक होईल. बाई म्हणाल्या, वर्षानंतर अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधात लोह जवळजवळ नसतंच, पोट त्यानंच भरतं, मग भाकरी-वरणाला जागा कुठून राहणार? रक्त कमी होतं ते असं. मग ओठ वर करून दाखवलं. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. बाटली तोंडात धरून झोपला की दूध रात्रभर दातांवर राहतं, दात तिथूनच किडायला लागतात. लोहाचं औषध दिलं.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "लेकरू दूधच तं मांगते, सोनं थोडंच मांगते वं!"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.

साखर आधी बंद केली. मग तीन भाग दूध, एक भाग पाणी. दोन रात्री कळलंच नाही त्याला. मग निम्मं-निम्मं. तिसऱ्या दिवशी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि बाटली अशी भिरकावली की बाजेखाली जाऊन पडली. गवळ्याला पकडल्यासारखं पकडलं मला.

खरी गोम संध्याकाळची होती. कापूस वेचून यायला सहा वाजतात, स्वयंपाक होईस्तोवर हा पेंगायचा, अर्धपोटी झोपायचा. आता आल्या आल्या आधी त्याचं ताट. वरणात कुस्करलेली भाकरी, वर तूप. मग दूध, पण पेल्यातून, आणि ओल्या फडक्यानं दात पुसायचे. "गड्यावानी आंधी जेवते," सासूबाई म्हणतात. म्हणू दे.

तर काल. दोन वाजून दहा मिनिटांनी उठला. पोट भरलेलं होतं, मला माहीत होतं. पेल्यात पाणी दिलं, ते त्यानं हातानं उडवलं, माझी बाही भिजली. मग जे रडला! मला वाटलं तास झाला, घड्याळात पाहिलं तर चौदा मिनिटं. पलीकडच्या घरी कोणीतरी खोकललं. खरं सांगायचं तर आजवर बाटली मी भुकेसाठी कमी आणि या खोकल्यासाठीच जास्त दिली.

सासूबाई उठल्या. "काहून रडवतं वं लेकराले?" मला वाटलं, आता गॅस पेटवतील. त्या आल्या, माझ्या बाजूला बसल्या आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागल्या. काही बोलल्या नाहीत.

हळूहळू हुंदके लांबले. त्याची मूठ माझ्या मंगळसूत्रावर होती. बाटली पिताना सुद्धा ती तिथंच असायची. दोन घोटांनंतर बाटली गळून पडायची, मूठ नाही सुटायची. दिवसभर मी वावरात. याला मी सापडते ती रात्रीच.

सकाळी हे चिखलाचे पाय घेऊन आले. "निजला काय?" मी मान हलवली. तो चुलीपुढं बसून भाकरीचा पापुद्रा सोलून खात होता, आतला गर मला देत होता.

बाटली फेकलेली नाही. तिळाच्या डब्यात ठेवलीय, वरच्या फळीवर. सासूबाईंनी काल तीळ काढले, डबा होता तसा परत ठेवला.